एकोणीस पॉइंट सहा

"अगो, प्यायचं नाय तं तोंडावर तरी मार दोन हबके पाण्याचे. चेहरा बघ कसा सुकलाय," रावजीकाका आयातला म्हणाले.

आयातचं लक्ष नव्हतं. ती ब्युरेटच्या नळीला डोळा लावून उभी होती. नळीतलं आयोडीन थेंबाथेंबाने खालच्या, स्टार्च घातलेल्या आमरसात पडत होतं. रस निळा झाला की तोटी बंद करायची आणि किती आयोडीन लागलं ते वहीत लिहायचं. आयोडीन जितकं जास्त लागेल तितकं त्या आंब्यात क जीवनसत्त्व जास्त, असा तो हिशेब. पहिल्या आंब्याला चौदा पॉइंट दोन मिलिलिटर लागलं होतं, दुसऱ्याला चौदा पॉइंट तीन. तिसऱ्याचा रंग काही येईना. पंधरा झाले, सोळा झाले, अठराही झाले. एकोणीस पॉइंट सहाला रस निळा झाला आणि आयात स्टुलावर बसून रडायला लागली.

मी पलीकडच्या टेबलावर वह्या तपासत होते. ही मुलगी सहसा रडणारी नव्हती. पण रमजानचा सोळावा रोजा होता, मार्चमधलं रत्नागिरीचं ऊन होतं, आणि प्रयोग असा होता की पुन्हा करायची सोय नाही. हापूस अढीत घातल्यापासून पिकेपर्यंत त्यातलं जीवनसत्त्व कसं कमी होत जातं, हे ती दर तिसऱ्या दिवशी तीन आंबे कापून मोजत होती. हा नववा दिवस. उद्या तो दहावा होणार. आंबा काही कुणाच्या परीक्षेसाठी पिकायचा थांबत नाही.

"हात्तिच्या! एवढ्याला रडतेस?" रावजीकाका फडक्याने टेबल पुसत म्हणाले. "तिसरा खोडून टाक. चौदा पॉइंट चार लिव. कोन येतंय बगायला?"

"नाही काका. जसं आलं तसंच लिहायचं असतं. मॅडम ओरडतील."

"मॅडम ऐकतायत," मी तिकडूनच म्हटलं.

रावजीकाका हसले. आयातही डोळे पुसत हसली. तिने निळ्या पेनाने एकोणीस पॉइंट सहा लिहिलं आणि त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढला. रोजच्या कामाचा फोटो रोज काढून मला पाठवायचा, अशी सवय मी सगळ्या मुलांना लावली होती. तेवढ्यात रोजा सोडायची वेळ झाली म्हणून ती वही तिथेच टाकून मेसकडे पळाली. मीही स्कूटरची किल्ली उचलली.

"तुमी व्हा पुढे," रावजीकाका म्हणाले. "मी काचा धुतो नि कुलूप लावतो."

आमची शाळा रत्नागिरीबाहेर सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर आहे. पंधरा वर्षांपूर्वी तिथे गुरांनाही चरायला काही नव्हतं. आता काचेची इमारत आहे, दोन वसतिगृहं आहेत आणि अकरावी-बारावीच्या जागी आयबी डिप्लोमा नावाचं दोन वर्षांचं प्रकरण आहे. सहा विषय, चार हजार शब्दांचा एक निबंध, 'आपल्याला जे माहीत आहे ते कशावरून माहीत आहे' असलं विचारणारा एक वेगळाच तास, वर समाजकार्य. मुलं बहुतेक जयगडच्या बंदरातल्या साहेबांची, नाहीतर आंबा परदेशी पाठवणाऱ्यांची. दोन-तीन जणं शिष्यवृत्तीवर घेतलेली असतात. आयात त्यातली. बाप कुवेतला बोटीवर, आई कनीज जयगडला.

मी इथे रसायनशास्त्र शिकवते. माझं नाव राही. मी शिस्तीची म्हणून प्रसिद्ध आहे. मुलं मागून काय म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडतं.

रावजी कळंबटे हे आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. त्याआधी त्यांनी रत्नागिरीतल्या एका जुन्या कॉलेजात एकतीस वर्षं हेच काम केलं होतं. तिथून निवृत्त झाले तेव्हा मीच त्यांच्यासाठी इथे शब्द टाकला. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही म्हणून आमच्या व्यवस्थापनाने नाक मुरडलं होतं. पण बाटलीचं बूच न उघडता आत काय आहे ते सांगणारा माणूस पगाराच्या कागदावर शोधून सापडत नाही. सकाळी साडेसातला ते हजर. पांढरा सदरा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. मुलांच्या हातून काच फुटली तर आधी मुलाचं बोट बघायचे, मग काच. बंदरातल्या साहेबांची पोरंसुद्धा त्यांना काका म्हणायची. मला मात्र ते पहिल्या दिवसापासून मॅडम म्हणायला लागले. मी त्यांना कितीदा सांगितलं की काका, मी तुमच्या हाताखालून गेलेली पोर. ते म्हणायचे, "तेवा होतात. आता मॅडमच."

चार दिवसांनी आयातने अहवालाचा कच्चा खर्डा दिला. मी तक्त्यातले आकडे पडताळत बसले. नववा दिवस. चौदा पॉइंट दोन, चौदा पॉइंट तीन, चौदा पॉइंट सहा. त्या दिवशी तिने पाठवलेल्या फोटोत मात्र एकोणीस पॉइंट सहा. मी वही मागवली. वहीत चौदा पॉइंट सहा, त्याच निळ्या शाईत. पान उजेडाला धरलं तर त्या आकड्यापाशी कागद विरला होता. कुणीतरी ब्लेडने वरची शाई खरडून, जागा नखाने गुळगुळीत करून, तिथे नवा आकडा घातला होता. फार सफाईचं काम होतं. सतरा वर्षांच्या मुलीला येईल असं ते नव्हतंच.

मला त्याच क्षणी सगळं कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण मनातल्या मनात कळणं आणि ते कबूल करणं यांत अंतर असतं, आणि मी त्या अंतरात अगदी आरामात उभी राहिले.

मी आयातला बोलावलं. वही आणि फोटो तिच्यापुढे ठेवले.

"हे कुणी केलं?"

"मी नाही खोडलं मॅडम."

"मग कुणी?"

तिने वही मिटून माझ्याकडे सरकवली.

"तू खर्ड्यात चौदा पॉइंट सहा टाईप केलंस ना? तेव्हा तुला आठवलं नाही खरा आकडा काय होता ते?"

तिने मान खाली घातली. "आठवला," ती म्हणाली.

विषय तिथेच मिटवता आला असता. दुसरा कुणी शिक्षक असता तर म्हणाला असता, जा, नीट करून आण. पण मी शिस्तीची. मी रीतसर टिपण लिहून शमिकाला दिलं. शमिका आमची समन्वयक. पुण्याची, कामाला वाघ, बोलायला सरळ. तिने टिपण वाचून कपाळाला हात लावला.

"राही, तू हिच्या कामावर 'हे विद्यार्थिनीचं स्वतःचं काम आहे' म्हणून सही करशील?"

"आत्ता? नाही."

"मग ते पुढे जाणार नाही. काम गेलं नाही तर केमिस्ट्रीला ग्रेड नाही. ग्रेड नाही तर डिप्लोमा नाही. शिष्यवृत्तीवरची मुलगी आहे, बारावीचं दुसरं कुठलं सर्टिफिकेटही नाही तिच्याकडे. दोन वर्षं पाण्यात."

"मला माहीत आहे," मी म्हटलं.

बैठक सोमवारी अकराला ठेवली. प्राचार्य, शमिका, मी. समोर आयात आणि तिची आई. कनीज पहाटेच्या एसटीने जयगडहून आली होती. काळा बुरखा, हातात प्लास्टिकची पिशवी, आणि नजर अशी की प्राचार्यांनी दोनदा चष्मा पुसला.

शमिकाने तिला समजेल असं सगळं सांगितलं. कनीजने शांतपणे ऐकून घेतलं.

"माजी पोर रोजा धरून खोटं बोलायची नाय," ती म्हणाली. "तिने नाय केलंन म्हंते तं नाय केलंन. तुमी दुसऱ्याला इचारा."

"अहो, पण कुणाला विचारणार? ती सांगतच नाहीये."

"मंग तिला सांगवत नसंल," कनीज म्हणाली. "सांगवत नाय म्हणजे खोटं नाय."

आयातच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ओठ घट्ट मिटलेले. प्राचार्य म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा, आपला नाइलाज आहे. मी समोरच्या ग्लासातलं पाणी प्यायले. प्यायल्यावर लक्षात आलं, मुलगी पहाटेपासून पाण्याचा थेंबही न घेता समोर बसली आहे.

तेव्हा दार वाजलं. कुणी ये म्हणायच्या आत रावजीकाका आत आले. बाह्या खाली सोडून मनगटाशी बटणं लावलेली. ते कुणाकडे न बघता टेबलापाशी आले आणि त्यांनी खिशातून कागदात गुंडाळलेलं एक अर्धं ब्लेड काढून प्राचार्यांसमोर ठेवलं.

"सायेब, ह्या पोरीने काय केलंन नाय. मी केलं ते."

"तुम्ही? कशाला?"

"दिवसभर उपाशी होती. रडत होती. मला वाटलं एका आकड्याने काय होतंय." त्यांनी ब्लेडकडे बोट केलं. "वही उगडी होती. ती जेवाया गेली तेवा केलं. तिला म्हायत नवतं."

"काका—" आयात म्हणाली.

"तू गप बस गो."

शमिका ब्लेडकडे बघत होती. ती चिडली नव्हती, खरोखर चक्रावली होती. "अहो रावजीकाका, तो आकडा चुकलेला नव्हताच! तो वेगळा का आला हे तिने शोधायचं होतं. इथे त्यालाच मार्क असतात. आपला प्रयोग कुठे फसला हे मुलाने स्वतः सांगितलं, तर त्याचं कौतुक होतं."

रावजीकाकांनी मान वर केली. "चुकल्याचे मार्क?"

"चुकलं ते ओळखल्याचे."

एवढं बोलणं झालं आणि त्यांचा चेहरा असा काही उतरला की मला बघवेना. एकतीस वर्षं ह्या माणसाने पोरांच्या चुका पुसल्या होत्या. आपण पुण्य करतोय असंच त्यांना वाटत आलं होतं.

"हे इथे किती वेळा केलंत?" प्राचार्यांनी विचारलं.

"हे येकदाच. शपथ घेतो."

"आणि आधीच्या कॉलेजात?" शमिका म्हणाली. "हा हात सवयीचा दिसतोय. तिथेही मुलांना असं पास करायचात?"

रावजीकाकांनी एकदाच, डोळ्याची पापणी लवावी तेवढाच वेळ, माझ्याकडे पाहिलं.

बारावीच्या प्रॅक्टिकलला मला एक पांढरं मीठ आलं होतं. कुठल्या धातूचं ते ओळखायचं. बाहेरचे परीक्षक चहा प्यायला गेले होते, माझ्या चारही परीक्षानळ्या फसल्या होत्या आणि उत्तराचा कागद कोरा होता. गावाहून रत्नागिरीला शिकायला आलेली मी पहिलीच मुलगी. वडील मुंबईला, आई शेतात, आणि मी तिथे घामाघूम. रावजीकाका फडकं घेऊन आले, माझं टेबल पुसलं आणि समोरच्या फळीवरच्या बाटल्या सारख्या केल्या. ते गेल्यावर पाहिलं तर सगळ्या बाटल्यांची लेबलं भिंतीकडे होती, एकीचं फक्त माझ्याकडे. त्याचा अर्थ काय ते अख्ख्या कॉलेजला ठाऊक होतं. पिढ्यानपिढ्या चालत आलेली ती रीतच होती. मी त्या बाटलीतले चार थेंब टाकले, नळीत पांढरा साका आला आणि मी कागदावर झिंक लिहिलं. तीसपैकी तीस. त्या तिसांच्या जोरावर मुंबईचं कॉलेज, पुढे एमएस्सी, आणि आता ही शाळा, ही खुर्ची.

आमच्या वेळचे माझ्यासारखे किती असतील कोण जाणे. पण त्या खोलीत मी एकटीच होते.

"तिकडचं तिकडे, मॅडम," रावजीकाका शमिकाला म्हणाले. "तिकडची पोरं आपल्या हुशारीने पास झाली. माजा त्यात हात नाय."

मी बोलायला हवं होतं. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, हे खोटं बोलतायत, ते माझ्यासाठी. दोन वाक्यांचं काम. पण हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार? मुलीच्या एका आकड्यासाठी टिपण लिहिणारी मी, स्वतःच्या तीस गुणांच्या वेळी झाकली मूठ सव्वा लाखाची धरून बसले. प्राचार्य काही लिहीत होते. शमिकाने सुस्कारा सोडला. कनीज उठली, रावजीकाकांपाशी गेली आणि म्हणाली, "भाऊ, तुमी आलात, अल्ला तुमचं भलं करील." ते म्हणाले, "येवढ्या उशिराने आलो त्याची माफी करा बाय."

आयातला खरा आकडा घालून काम पुन्हा लिहायची परवानगी मिळाली. माहीत असून खोटा आकडा खर्ड्यात ठेवला म्हणून तिला लेखी ताकीदही मिळाली आणि ती तिने वाद न घालता घेतली. दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेत माझ्यासमोर बसून म्हणाली, "मॅडम, काकांनी केलंय हे मला लगेच कळलं होतं. मी त्यांना वाचवायला गप्प बसले हे अर्धंच खरं आहे. चौदा पॉइंट सहा छान दिसत होतं. म्हणून पण गप्प बसले."

सतरा वर्षांची मुलगी, आणि तिला एवढं सरळ बोलता येत होतं.

मग ती अढीच्या पेटीपाशी जाऊन बसली. तिसरा आंबा कुठून उचलला होता ते तिच्या नोंदीत होतं: पेटीचा दाराकडचा कोपरा. तिथे गवत विरळ होतं, वारा लागत होता. तो आंबा दिसायला पिवळा, पण आतून अजून कच्चाच असणार. कच्च्यात जीवनसत्त्व जास्त, म्हणून आयोडीन जास्त. तिने त्याच कोपऱ्यातले उरलेले दोन आंबे कापून तपासले. इतक्या दिवसांनीही दोन्ही बाकीच्यांपेक्षा कच्चेच निघाले. त्यावर तिने अर्धं पान लिहिलं आणि सगळ्या अहवालात मला तेवढंच अर्धं पान मनापासून आवडलं. मी सही केली.

रावजीकाकांना त्याच आठवड्यात कमी केलं. कार्यमुक्तीच्या पत्रात काय कारण लिहायचं यावर प्राचार्यांच्या खोलीत चर्चा झाली. मीच सुचवलं, 'प्रकृतीच्या कारणास्तव'. प्राचार्य खूश झाले, शाळेचं नाव राहिलं. शमिका माझ्याकडे जरा वेळ बघत होती. मला वाटलं, चला, एवढं तरी आपण त्यांच्यासाठी केलं.

ते पत्र न्यायला रावजीकाका आले नाहीत. एप्रिल गेला, परीक्षा झाल्या, मे गेला. पत्र ऑफिसातल्या ट्रेमध्ये पडून राहिलं. त्यांच्या जागी गुरुप्रसाद नावाचा एक बीएस्सी झालेला तरुण आला. त्याला इंग्रजी लेबलं फाडफाड वाचता येतात. वाईट नाही तो.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात निकाल लागला. आयातला डिप्लोमा मिळाला, केमिस्ट्रीत सातपैकी सहा. रात्री कनीजचा फोन आला. ती बोलत कमी होती नि रडत जास्त. शेवटी म्हणाली, "मॅडम, रावजीभाऊंना कोन सांगंल? माज्याकडं त्यांचा नंबर नाय."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून पत्र घेतलं आणि निवळीच्या पुढे त्यांच्या वाडीवर गेले. भातलावणीचे दिवस होते. एसटीतून उतरून पाखाडीच्या पायऱ्या चढेपर्यंत साडी पोटरीपर्यंत चिखलाने माखली. घर छोटंसं, जांभ्या दगडाचं. रावजीकाका नुकतेच शेतातून आले होते आणि पडवीच्या कडेला बसून पायांवर तांब्याने पाणी ओतत होते. मला बघून ते दचकून उठले, खुंटीवरचा सदरा घालायला धावले, उलटा घातला, पुन्हा काढून सुलटा घातला.

"आयात पास झाली काका. केमिस्ट्रीत सहा."

"किती पैकी?"

"सातपैकी."

"येक कशाला कापलान त्यांनी?" ते म्हणाले आणि मोठ्याने हसले. मग एकेका पोराचं नाव घेऊन विचारत बसले. त्या वर्गातली बाराही नावं त्यांना पाठ होती. त्यांची बायको दारात उभी राहून ऐकत होती. मध्येच ती म्हणाली, "हेंच्या झोपेत पन तीच नावं असतात."

मग मी पिशवीतून पत्र काढलं. "हे राहिलं होतं. कार्यमुक्तीचं. एका प्रतीवर तुमची सही हवी."

पत्र इंग्रजीत होतं. ते म्हणाले, "वाचून दाखवा." मी मराठीतून सांगितलं. श्री. रावजी धोंडू कळंबटे हे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत प्रयोगशाळा परिचर म्हणून काम करत होते. त्यांनी प्रकृतीच्या कारणास्तव—

"कोनाच्या?"

"तुमच्या."

"माजी प्रकुर्ती बरी हाय," रावजीकाका म्हणाले. "आज सकाळपासून भाताचे दोन कुणगे लावले मी."

"काका, ते असं लिहायची पद्धत असते."

"कोनी लिवलंन हे?"

बाहेर पाऊस बारीक झाला होता. शेजारच्या शेतात बायका लावणीचं गाणं म्हणत होत्या.

"मी सुचवलं," मी म्हणाले.

"मला वायट वाटू नये म्हणून."

"हो."

"मी पन त्या पोरीचं असंच केलं होतं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. आपल्याच घरच्या माणसाची खोड सांगावी तसे ते बोलले. "न्या हे परत. नायतर इथंच दुरुस्त करा. जसं झालं तसं लिवा. त्याने पोरीच्या वहीत आकडा बदललान, म्हणून काडून टाकलं. मंग मी सही करतो."

"काका, तुम्ही उद्या कुठे काम मागायला गेलात तर—"

"आता कुटं जातोय काम मागायला? तिरेसष्ट झाली." त्यांनी ओल्या केसांवरून हात फिरवला. "तीन म्हयने मी इचार करतोय मॅडम. येकतीस वर्षांत किती पोरांचं मी हे केलं असंल! त्यांना कदी कळलंच नसंल, आपलं काय चुकलं ते. मी त्यांचं नुसकानच केलं की हो."

मी म्हणाले, "सगळ्यांचं नाही झालं नुकसान."

"तुमचं नाय झालं," ते पटकन म्हणाले. "तुमी ते मीठ ओळकलं होतंत. मी बाटली फिरवली त्याच्या आदीच तुमच्या कागदावर लिवलेलं होतं. मी बगितलं होतं ना."

ते माझ्याकडे न बघता बोलले. खोटं बोलायची त्यांना अजून सवय होती आणि ती सवय अजून दुसऱ्यासाठीच होती.

"कागद कोरा होता काका," मी म्हटलं.

त्यांची बायको आत निघून गेली.

"आता आलं तर येईल ओळकता?" त्यांनी विचारलं. "न सांगता?"

"येईल."

"मंग झालं," ते म्हणाले.

मी पिशवीतून पेन काढलं. पत्र पालथं घातलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला मराठीत लिहिलं: श्री. रावजी धोंडू कळंबटे यांनी एका विद्यार्थिनीच्या वहीतील नोंद तिच्या नकळत बदलली आणि ती गोष्ट स्वतः येऊन सांगितली. या कारणाने त्यांना सेवेतून कमी करण्यात आले. मी मोठ्याने वाचून दाखवलं. 'स्वतः येऊन सांगितली' हे घालायची गरज नव्हती, असं ते म्हणाले. मी म्हटलं, झालं तसं लिहायचं तर तेही लिहावं लागेल. त्यांनी थोडा विचार केला आणि मान हलवली. मग पेन घेऊन खाली सही केली. एकेक अक्षर सुटं, शाळेतल्या पोरासारखं गोल.

त्यांनी पेन परत दिलं, पण मी उठले नाही. सहीखाली बरीच जागा होती. मी पुन्हा लिहायला घेतलं: मी, राही, या शाळेत येण्यापूर्वी—

"अजून काय लिवताय?"

"माझं," मी म्हटलं.

दाराकडून वारा आला आणि कागदाचं टोक उडायला लागलं. रावजीकाकांनी त्या टोकावर आपला चिखलाने भेगाळलेला अंगठा ठेवला आणि माझं लिहून होईपर्यंत मान वळवून पाखाडीकडे बघत बसले.